शेवटच्या पानापासून सुरुवात: पंक झीन घरच्या घरी कसं काढायचं

झीन, म्हणजे स्वतः लिहून स्वतः वाटायचा छोटा अंक, काढायला बसाल तेव्हा सगळ्यात आधी शेवटचं पान करा. मुखपृष्ठ नंतर बघू. शेवटच्या पानावर तुमचा पत्ता, अंकाची किंमत आणि 'तुमचा अंक पाठवा, माझा पाठवते' एवढी एक ओळ लिहायची. हे मी हट्टाने सांगते, कारण माझ्या पहिल्या अंकात मी नेमकं हेच पान चुकवलं. ती गोष्ट पुढे येईल.

२००९ साली मी इचलकरंजीहून इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला शिकायला गेले. आमच्या घरामागच्या शेडमध्ये आठ माग होते. आम्हा भावंडांची झोप त्या खडखडाटात लागायची आणि वीज गेली, माग थांबले की जाग यायची. ब्रॅडफर्डही एकेकाळचं लोकरीच्या गिरण्यांचं गाव. तिथे अल्बियन स्ट्रीटवर 'वन इन ट्वेल्व क्लब' आहे. बेकारभत्ता घेणाऱ्यांच्या संघटनेतल्या लोकांनी तो १९८१ मध्ये सुरू केला. भत्ता घेणाऱ्या दर बारा माणसांतला एक सरकारला फसवतो असं एका सरकारी चौकशीत म्हटलं गेलं होतं. तोच शिक्का या लोकांनी उचलून नाव म्हणून लावला. १९८८ पासून त्यांची स्वतःची इमारत आहे आणि ती सभासद मिळून चालवतात. माझ्या शेजारच्या खोलीतली मैत्रीण मला तिथे घेऊन गेली. तिथे पंक वाजायचं, म्हणजे मोठ्या आवाजाचं, वेगवान, बंडखोर रॉक संगीत. पहिला बँड वाजायला लागला तेव्हा मला आमची शेड आठवली. सगळे माग एकदम सुरू झाल्यासारखा तो आवाज होता, आणि परदेशात आल्यापासून पहिल्यांदा मला घरात असल्यासारखं वाटलं.

त्या इमारतीत वाचनालयही आहे. तिथे खोक्यांमध्ये जुने झीन भरून ठेवलेले होते: झेरॉक्स केलेले, कडा पिवळ्या पडलेले, पिना गंजलेले. पुढचे कितीतरी शनिवार मी तिथे बसून वाचत काढले. झीन म्हणजे फॅनझीन, चाहत्याने स्वतः लिहून, स्वतः चिकटवून, स्वतः वाटलेला अंक. आपल्याकडे यासाठी फार चांगला शब्द आहे, अनियतकालिक. १९५५च्या सुमाराला मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ या मंडळींनी 'शब्द' सायक्लोस्टाइल करून काढलं, तेव्हा पंक जन्माला यायला वीस वर्षं होती. पण आपलं कोणी छापत नाही, तर आपणच छापू, ही गरज तीच.

इंग्लंडच्या पंकमधला गाजलेला पहिला झीन म्हणजे लंडनचा 'स्निफिन ग्लू'. मार्क पेरी नावाचा बँकेत कारकुनी करणारा मुलगा. रमोन्स हा अमेरिकन पंक बँड ऐकून तो झपाटला, पण या संगीतावर वाचायला कुठे काही मिळेना. मग १९७६च्या जुलैत त्याने लहान मुलांच्या टाइपरायटरवर मजकूर बडवला, मथळे जाड स्केचपेनने लिहिले आणि पहिल्यांदा पन्नासेक प्रती काढल्या. वर्षभरात बारा अंक झाले, खप हजारांत गेला, आणि त्याने अंक बंद केला. हे वाचून समाधान करून घेऊ नका, स्वतःचे झीन काढा, असं तो वाचकांना सांगत होता. लोकांनी ऐकलं. १९७७च्या जानेवारीत 'साइडबर्न्स' या दुसऱ्या झीनमध्ये गिटारच्या तीन कॉर्डच्या, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांच्या, आकृत्या हाताने काढून खाली लिहिलं होतं, आता बँड काढा. त्या एका पानाने किती मुलांच्या हातात गिटार दिली असेल. तुमच्याही अंकात असं एक पान ठेवा, ज्यावरून वाचणाऱ्याला काहीतरी करता येईल.

आता कामाला लागू. लागणारं सामान: ए-फोर कागद, काळं जेल पेन, कात्री, गोंदाची कांडी (ओला गोंद नको, कागद फुगतो), व्हाइटनर, जुनी वर्तमानपत्रं, स्टीलची पट्टी. संगणकावर पानं लावता येतात हे मला माहीत आहे. तरी पहिला अंक हाताने करा. हाताने केलं की जागा किती आहे ते कळतं आणि माणूस मोजकं लिहितो.

अगदी पहिल्यांदा करत असाल तर एका कागदाचा आठपानी करा. ए-फोर कागद आडवा धरून तीनदा निम्म्यात दुमडा, उघडा. वर चार, खाली चार असे आठ चौकोन दिसतील. खालच्या ओळीत डावीकडून ६, ७, ८, १ ही पानं सरळ येतात. वरच्या ओळीत डावीकडून ५, ४, ३, २ येतात, पण उलटी, म्हणजे डोकं खाली. लिहिताना कागद फिरवून लिहायचं. एका बाजूची झेरॉक्स काढायची, मधल्या आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन चौकोनांइतका छेद द्यायचा, कागद लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलायची. छेद उघडून अधिक चिन्ह तयार होतं, ते एका दिशेला मिटवलं की पुस्तक झालं. पिन नको, गोंद नको.

दुसऱ्या अंकापासून सोळापानी घ्या. चार ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले, मधोमध दुमडलेले. इथे सगळे चुकतात ते पानांच्या क्रमात. मी चाळीस प्रती काढून, दुमडून, पिना मारून झाल्यावर पाहिलं, तर मुलाखतीचा प्रश्न चौथ्या पानावर आणि उत्तर तेराव्यावर. म्हणून आधी कोरे चार कागद दुमडून नकली अंक करा, त्याच्या पानांवर १ ते १६ आकडे टाका आणि मग सुटा करून बघा. बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, मागे २ आणि १५. पुढच्यावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३. मग १२ आणि ५, मागे ६ आणि ११. सगळ्यात आतल्यावर १० आणि ७, मागे ८ आणि ९. सुट्या कागदाच्या एका बाजूवरच्या दोन पानांची बेरीज नेहमी सतरा येते. बेरीज चुकली तर पान चुकलं.

चिकटवताना चारी बाजूंनी एक सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, झेरॉक्स मशीन कडेपर्यंत छापत नाही. पेन्सिलचं लिखाण पुसट येतं, म्हणून सगळं काळ्यात. मार्गदर्शक रेषा मात्र फिकट निळ्या पेन्सिलीने मारा, त्या बहुतेक मशीनवर उठत नाहीत. गुळगुळीत रंगीत फोटो काळा ठिक्कर पडतो, पण वर्तमानपत्रातला फोटो छान येतो, कारण तो आधीच ठिपक्यांचा असतो. रंगीत फोटो घालायचाच असेल तर आधी त्याची फिकी झेरॉक्स काढा आणि ती चिकटवा. चिकटवलेल्या तुकड्यांच्या कडांच्या सावल्या उमटतात. मी पहिल्या अंकात त्या व्हाइटनरने पुसत बसले. आता ठेवते. वाचणाऱ्याला कळू दे की इथे कोणाचा तरी हात फिरलाय.

आता मजकूर. बँडची स्तुती कोणीही करतो. तुम्ही तुमच्या गावचा अहवाल लिहा. पंकच्या भाषेत याला 'सीन रिपोर्ट' म्हणतात आणि मला विचाराल तर जगभरचे पंक एकमेकांना ओळखायला लागले ते या पानांमुळे. सॅन फ्रान्सिस्को परिसरात 'मॅक्झिमम रॉकनरोल' हा रेडिओ कार्यक्रम होता, १९८२ मध्ये त्याचा झीन झाला आणि २०१९पर्यंत तो कागदावर छापला जात होता. त्याच्या जुन्या अंकांत ब्राझील, फिनलंड, युगोस्लाव्हिया, कुठकुठल्या शहरांतल्या मुलांनी लिहून पाठवलेले अहवाल आहेत. आमच्याकडे इतके बँड, अमुक ठिकाणी सराव करतात, पोलीस असे वागतात, आमच्या कॅसेटचा पत्ता हा. बारीक टाइप, कमालीची दाटी. ते वाचून कोणीतरी पत्र टाकायचं, कॅसेट यायची, मग एखादा बँड त्या पत्त्याच्या भरवशावर दौऱ्याला निघायचा आणि रात्री त्याच मुलाच्या घरी जमिनीवर झोपायचा. टपालखर्च परवडत नाही म्हणून तिकिटांवर साबण किंवा गोंद फासायचे, म्हणजे शिक्का धुऊन तिकीट परत वापरता येई. ते काही मी तुम्हाला करायला सांगणार नाही, पण पत्रं जावीत म्हणून माणसं किती धडपडत होती ते त्यावरून कळतं.

अहवाल लिहिताना असे प्रश्न घ्या: तुमच्या गावात मोठ्या आवाजात वाजवायला जागा कुठे मिळते? भाडं किती? शेजारी किती वाजता तक्रार करतात? ड्रम कोणाकडे आहेत आणि ते उसने मिळतात का? शेवटची बस कधी? मुलींना एकटीने येता येतं का, आणि येत नसेल तर का? बँड एकही नसला तरी लिहा. कोण काय ऐकतं, ते त्यांच्यापर्यंत कसं पोचलं, कोणाच्या घरी सगळे जमतात. परगावचा माणूस अंक हातात घेऊन तुमच्या गावात उतरला तर त्याला रात्री आठ वाजता कुठे जायचं हे कळलं पाहिजे. ही परीक्षा लावून प्रत्येक ओळ तपासा.

स्वतःबद्दल लिहायला घाबरू नका. १९९१च्या सुमाराला अमेरिकेत ऑलिंपिया आणि वॉशिंग्टन डीसी इथल्या मुलींनी 'रायट गर्ल' चळवळ उभी केली ती झीनच्या जोरावर. घरात झालेली मारहाण, मैफलीत गर्दीचा फायदा घेऊन टाकलेला हात, शरीराबद्दल ऐकून घ्यावे लागणारे शेरे, जे कोणाशी बोलता येत नव्हतं ते त्यांनी दोन-चार कागदांवर लिहून वाटलं. दुसऱ्या गावच्या मुलीने ते वाचून आपलं लिहिलं. माझ्या पहिल्या अंकातला सगळ्यात चांगला लेख बँडवर नव्हताच. त्या सभागृहात साठ माणसांत मी एकटीच भारतीय होते, त्या संध्याकाळबद्दल तो होता. तो लिहिताना मला कळलं की आधीही आपल्यासारखी माणसं इथे होती. १९७८ मध्ये मार्गारेट थॅचर टीव्हीवर म्हणाल्या होत्या की वेगळ्या संस्कृतीचे लोक येऊन आपल्याला बुडवतील अशी लोकांना भीती वाटते. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये पाकिस्तानी घरांतली तीन मुलं आणि एक गोरा मुलगा यांनी बँड काढला आणि नाव ठेवलं 'एलियन कल्चर'. १९७८च्या ३० एप्रिलला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' या वंशद्वेषविरोधी संगीत चळवळीचा मोठा मेळा भरला, त्यात द क्लॅश, स्टील पल्स आणि एक्स-रे स्पेक्स हे बँड वाजले. एक्स-रे स्पेक्सची गायिका पॉली स्टायरीन, तिचे वडील सोमाली. हे सगळं मला त्या खोक्यांतून मिळालं. मी दोन पानांत ते मराठीत लिहिलं आणि समोर इंग्रजी ठेवलं. तुम्हीही आपल्या भाषेत लिहा. भाषांतराची सक्ती स्वतःवर करू नका.

मुलाखत घेतलीत तर छापण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवा. फोटोत चेहरा ओळखू येत असेल तर विचारा, नाव टोपण हवं का तेही विचारा. याबाबतीत मी फार कडक आहे. २०११च्या डिसेंबरमध्ये इंडोनेशियात आचे प्रांतात बांदा आचे शहरात एका मदतीच्या कार्यक्रमातून पोलिसांनी साठाहून अधिक पंक उचलले, त्यांची डोकी भादरली, तळ्यात बुचकळलं आणि 'सुधारण्यासाठी' पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्रात नेऊन ठेवलं. गुन्हा काही नव्हता, केस आणि कपडे दिसले एवढंच. परदेशातल्या पंकांनी निषेध केला, पण डोक्यावरचे केस गेले ते त्यांचे. आपल्याकडे एखाद्या मुलीच्या घरी ती कुठे जाते हेच माहीत नसतं. तुमच्या अंकातला एक फोटो तिचं बाहेर पडणं बंद करू शकतो.

झेरॉक्सला जाताना सकाळी जा. दुपारी दुकानात परीक्षांचे फॉर्म आणि आधार कार्डांची रांग असते आणि दुकानदाराला तुमची पाठपोट पानं समजून घ्यायला वेळ नसतो. नकली अंक सोबत न्या, आधी एकच प्रत काढायला सांगा, तिथेच दुमडून तपासा, मगच पुढे. एका बाजूचे दोन रुपये धरले तर सोळापानी अंकाच्या आठ बाजूंचे सोळा रुपये होतात. पन्नास प्रतींचे आठशे. तिघांनी वाटून घेतले तर जड जात नाहीत. एका दुकानात मला मजकूर वाचून 'हे असलं आम्ही काढत नाही' म्हणून परत पाठवलं होतं. मी दुसरीकडे गेले. पूर्व जर्मनीत तर मशीनपर्यंत पोचणंच अवघड होतं. चर्चच्या आडोशाने निघणाऱ्या बंडखोर पत्रकांवर 'फक्त चर्चच्या अंतर्गत वापरासाठी' असं छापून सेन्सॉर चुकवत. तिथल्या पंकांनाही गाणी वाजवायला आसरा मिळाला तो चर्चमध्येच. आपल्याला कोपऱ्यावर मशीन आहे, त्याचा उपयोग करून घेऊ.

बांधणी. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. लांब हाताचा विकत घेण्याची गरज नाही. अंक उघडून रबरी चपलेवर पालथा ठेवा, स्टेपलर पूर्ण उघडून घडीवर दाबा, पिनेची टोकं आतल्या बाजूला निघतील, ती चमच्याच्या पाठीने वाकवा. मी मात्र दोऱ्याने शिवते. घडीवर तीन भोकं पाडायची, मध्ये, वर, खाली. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत, मग आतून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि परत मधल्यातून आत. आत जो लांब टाका पडला आहे त्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याची दोन टोकं येतील, गाठ मारायची. आमच्याकडच्या मागावरचं उरलेलं सूत मी याला वापरते. बाबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी गाठ सोडून नीट, विणकऱ्याची मारून दिली. अंकात काय लिहिलंय ते विचारलं नाही. त्यानंतर दोऱ्याच्या गुंड्या आपोआप माझ्या टेबलावर येऊ लागल्या.

किंमत कागदाच्या खर्चाइतकी ठेवा आणि ती छापा. क्रास हा इंग्लंडचा बँड आपल्या रेकॉर्डच्या पाकिटावरच 'याहून जास्त देऊ नका' असं किमतीसह छापायचा, म्हणजे दुकानदाराला वाढवता येत नसे. मी अंकावर '२० रुपये किंवा अदलाबदल' लिहिते. अदलाबदल मला जास्त आवडते. मेक्सिको सिटीत एल चोपो नावाचा बाजार १९८० पासून दर शनिवारी भरतो, तिथे रेकॉर्ड, कॅसेट, झीन यांची देवघेव चालते, काही जण पैसे न घेता फक्त वस्तूला वस्तू देतात. मैफल संपल्यावर दाराशी उभं राहून अंक हातात द्यायचा, नाव विचारायचं, त्याच्याकडे काही असेल तर घ्यायचं. दुकानात ठेवून यायचे असतील तर पाचांहून जास्त ठेवू नका, महिन्याने जाऊन विचारा.

आणि आता ते शेवटचं पान. माझ्या पहिल्या अंकाचं नाव 'खडखड'. २०१०च्या मार्चमध्ये चाळीस प्रती काढल्या. पत्ता म्हणून मी माझ्या वसतिगृहाच्या खोलीचा दिला आणि जूनमध्ये खोली सोडली. झीन हळू फिरतो हे मला ठाऊक नव्हतं. एका हातातून दुसऱ्या हातात, कोणाच्या बॅगेत, कोणाच्या दौऱ्याच्या गाडीत. पत्रं यायला लागली ती जुलैनंतर. माझ्या मैत्रिणीला ऑगस्टमध्ये तिथल्या नव्या मुलीने सांगितलं की कोणा मराठी बाईच्या नावाने पाकिटं येत होती आणि तिने काही दिवस ठेवून टाकून दिली. किती होती, कुठून होती, कोणी काय लिहिलं होतं, मला कधीच कळणार नाही. त्यात लेस्टरची एखादी मराठी मुलगी असेल असं मला अजून वाटतं.

म्हणून पत्ता असा द्या जो पाच वर्षं टिकेल. मुलींनी घरचा पत्ता देऊ नये. पोस्टात वर्षाच्या भाड्याने पेटी मिळते ती घ्या, किंवा ओळखीच्या दुकानाचा, वाचनालयाचा पत्ता त्यांना विचारून छापा. सोबत ई-मेल द्या, पण नोकरीचा किंवा कॉलेजचा नको, तो बंद होतो. पत्ता हाताने लिहू नका, टाइप करा, कारण प्रतीची प्रत आणि तिची प्रत काढली जाते तेव्हा हस्ताक्षर आधी विरतं. त्याच पानावर 'या अंकाची झेरॉक्स काढून वाटायला हरकत नाही' असं लिहा. मूळ चिकटवलेली पानं खाकी पाकिटात सपाट ठेवा, दुमडू नका.

पत्र आलं की आठवड्याच्या आत उत्तर द्या, दोन ओळी का होईना, आणि पाकिटात दुसऱ्या कोणाचा तरी अंक घाला. 'खडखड'चे आजवर अकरा अंक झाले. पाचव्या अंकाला निपाणीहून एक पोस्टकार्ड आलं होतं, अकरावीतल्या मुलाचं. त्याच्या गावात बँड नाही, ड्रम नाहीत, पण गणपतीत ताशा वाजवणारे चार जण आहेत, आणि साइडबर्न्सच्या त्या पानावर तीन कॉर्ड आहेत तर ताशाचं पान कोण करणार, असं त्याने विचारलं होतं. मी त्याला कोरे आठ कागद आणि सुताची एक गुंडी पाठवली.